पराभव कुणाच्या नावावर?



यशवंतराव चव्हाणांच्या स्मरणार्थ बोलायला उभं राहिलं की मंगलकलश, हिमालयाच्या मदतीला धावून गेलेला सह्याद्री, सहकार, पंचायत राज हे सगळं ओळीनं यायला हवं, अशी श्रोत्यांची रास्त अपेक्षा असते. ते या व्यासपीठावर माझ्याहून जाणत्या माणसांनी पुष्कळदा सांगून झालं आहे. मी आज त्यांच्या आयुष्यातल्या ज्या काळाबद्दल बोलणार आहे, तो गौरवग्रंथांमध्ये दोन-चार पानांत उरकला जातो. मार्च १९७७ ते जुलै १९७८. स्वातंत्र्यानंतर काँग्रेस पहिल्यांदाच दिल्लीत हरली होती आणि हरलेल्या पक्षाला नवा नेता निवडायचा होता. त्याची ही हकीकत. यशवंतरावांच्या व्याख्यानमालेत यशवंतरावांवर थोडी टीका होईल, ती आयोजकांनी सांभाळून घ्यावी. त्यांचा स्वतःचा स्वभाव टीका ऐकून घेण्याचा होता, एवढाच मला आधार.

खरं तर हे प्रकरण त्यांच्याकडूनच ऐकायला मिळायला हवं होतं. ‘कृष्णाकाठ’ हे त्यांचं आत्मचरित्र १९४६ पाशी येऊन थांबतं. पुढच्या, दिल्लीच्या काळासाठी ‘यमुनाकाठ’ हे नाव त्यांनी योजून ठेवलं होतं, पण १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये ते गेले आणि ते पुस्तक लिहायचं राहिलं. त्यामुळे १९७७ बद्दल आपल्याला त्यांच्या कृतीवरून बोलावं लागतं. आणि त्यांच्या मौनावरून.

आधी पराभव केवढा होता ते पाहू. उत्तर प्रदेशात ८५ जागा होत्या, काँग्रेसला शून्य. बिहारात ५४, शून्य. पंजाब, हरियाणा, दिल्ली, हिमाचल, सगळीकडे शून्य. मध्य प्रदेशात एक, राजस्थानात एक. रायबरेलीत खुद्द पंतप्रधान राज नारायण यांच्याकडून पंचावन्न हजारांहून अधिक मतांनी पडल्या. अमेठीत संजय गांधी पडले. उलट आंध्रात ४२ पैकी ४१ आणि कर्नाटकात २८ पैकी २६ जागा काँग्रेसच्या. महाराष्ट्र दोहोंच्या मधे होता: ४८ पैकी २०. म्हणजे पक्ष देशभर सारखा हरला नव्हता. जिथे नसबंदीचे तंबू उभे राहिले, बुलडोझर फिरले, तिथे तो भुईसपाट झाला; विंध्याच्या खाली बराचसा उभा राहिला. साधारण दीडशे खासदार उरले आणि त्यांतले बहुतेक दक्षिणेचे आणि पश्चिमेचे होते.

हे लक्षात घेतलं की पुढच्या नेमणुका कळतात. साताऱ्यातून निवडून आलेले यशवंतराव संसदीय पक्षाचे नेते झाले आणि लोकसभेत विरोधी पक्षनेत्याच्या खुर्चीवर बसले. त्याच वर्षी विरोधी पक्षनेत्याला वेतन आणि दर्जा देणारा कायदा संसदेनं केला, त्यामुळे त्या खुर्चीला कायद्याचा आधार मिळाला. संघटनेकडे पाहायचं तर अध्यक्ष देवकांत बरुआ होते. इंदिरा म्हणजे भारत आणि भारत म्हणजे इंदिरा, हे समीकरण ज्यांच्या नावावर कायमचं चिकटलं ते बरुआ. त्यांना जावंच लागलं. हंगामी म्हणून सरदार स्वर्णसिंग आले आणि मे महिन्यात अखिल भारतीय काँग्रेस समितीनं नव्या अध्यक्षासाठी मतदान घेतलं.

मतदान झालं ही गोष्ट मी कमी लेखत नाही. आपल्याकडे पक्षाध्यक्षपदासाठी खरीखुरी मतं पडणं ही अपूर्वाईची बाब आहे. ‘एकमतानं’ हा आपल्या पक्षांचा लाडका शब्द. १९७७ च्या मे महिन्यात तिघं उभे होते, चुरस होती, आणि ब्रह्मानंद रेड्डी हे सिद्धार्थ शंकर राय यांच्या जवळपास दुप्पट मतं घेऊन निवडून आले. तिसरे करणसिंग पार मागे राहिले.

आता ही तीन नावं जरा जवळून पाहा.

ब्रह्मानंद रेड्डी हे आणीबाणीतले केंद्रीय गृहमंत्री. २५ जूनच्या रात्री त्यांना पंतप्रधानांच्या निवासस्थानी बोलावून घेतलं आणि राष्ट्रपतींना पाठवायच्या पत्रावर त्यांची सही झाली. ते पत्र गृहखात्याच्या छापील कागदावरही नव्हतं, साध्या कोऱ्या कागदावर होतं. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगासमोर हे सगळं आलं. देशाचा गृहमंत्री, आणि देशात आणीबाणी लागते आहे हे त्याला त्या रात्री कळतं. सिद्धार्थ शंकर राय हे पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री आणि निष्णात बॅरिस्टर. घटनेच्या ३५२ व्या कलमाखाली अंतर्गत आणीबाणी जाहीर करता येईल ही वाट त्यांनीच दाखवली होती. आणि करणसिंग? आणीबाणीत आरोग्य आणि कुटुंबनियोजन हे खातं त्यांच्याकडे होतं.

म्हणजे ज्या तीन गोष्टींमुळे पक्ष उत्तरेत साफ झाला, अटकसत्र, घटनेची ओढाताण आणि नसबंदी, त्या तिन्हींशी संबंधित खात्यांचे किंवा सल्ल्याचे धनी नेतेपदासाठी रांगेत उभे होते. समितीनं त्यांतला गृहमंत्री निवडला. एखाद्या नाटककारानं असं लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, बाबा रे, जरा अति होतंय.

यात त्या माणसांचा दुष्टपणा होता असं मला म्हणायचं नाही. रेड्डी सौम्य होते, करणसिंग सुसंस्कृत. अडचण वेगळीच होती. मतदारांनी एक जाब विचारला होता आणि पक्षाला त्याचं उत्तर देणारा माणूस हवा होता. राय सोडले तर बाकी दोघांपाशी, आणि यशवंतरावांपाशीही, एकच उत्तर होतं: आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. २६ जून १९७५ च्या भल्या पहाटे सहा वाजता मंत्रिमंडळाची बैठक भरली तेव्हा राष्ट्रपतींची सही होऊन गेली होती. मंत्र्यांना निर्णय कळवण्यात आला. परराष्ट्रमंत्री म्हणून यशवंतराव त्या बैठकीचे घटक होते. त्या सकाळी, याची गरज आहे का, अशा अर्थाचा प्रश्न काढला तो एकट्या स्वर्णसिंगांनी. बाकी कुणी तोंड उघडलं नाही. आणि प्रश्न विचारणारे हेच स्वर्णसिंग पुढे ज्या समितीचे प्रमुख झाले, तिच्या शिफारशींतून ४२ वी घटनादुरुस्ती जन्माला आली. माणूस गुंतागुंतीचा असतो, राजकारणी माणूस जरा जास्तच.

‘आम्हाला विचारलं नव्हतं’ हे खरंच होतं. पण ज्याला विचारलं जात नव्हतं तो नेता कसला, असं साधा मतदार मनात म्हणतो. हे वाक्य कोर्टात बचाव म्हणून चालतं, सभेत चालत नाही. विजयाच्या सातबाऱ्यावर नाव लावून घ्यायला भाऊबंदांची झुंबड उडते. पराभवाच्या उताऱ्यावर मात्र सगळेच म्हणतात, ही जमीन आमची नव्हेच, आम्ही नुसते कुळं होतो. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की हरलेल्या पक्षाचं नेतृत्व शेवटी त्याच्याकडे जातं जो तो उतारा स्वतःच्या नावावर करून घेतो. मनापासून घेतो की डाव म्हणून, हा पुढचा प्रश्न.

मध्यंतरी एक तुलना करून पाहावीशी वाटते. त्याच्या दोनच वर्षं आधी ब्रिटनमध्ये काँझर्व्हेटिव्ह पक्ष १९७४ या एकाच वर्षात दोन निवडणुका हरला होता. एडवर्ड हीथ जागचे हलायला तयार नव्हते. पक्षानं नियम बदलले, बसलेल्या नेत्याला आव्हान देता येईल अशी सोय केली आणि फेब्रुवारी १९७५ मध्ये खासदारांचं मतदान झालं. २७६ मतदार. पहिल्या फेरीत मार्गारेट थॅचरना १३०, हीथना ११९. हीथ बाजूला झाले आणि आठवड्याभरानं दुसऱ्या फेरीत थॅचरबाई निवडून आल्या. या बाईही हीथ सरकारात शिक्षणमंत्री होत्या, आणि मंत्रिमंडळात त्यांनी काही बंड केलेलं नव्हतं. पण हरल्यावर त्यांनी आणि कीथ जोसेफ यांनी उघड म्हटलं की आपलंच सरकार चुकलं, अमुक ठिकाणी चुकलं, आणि आता वाट बदलली पाहिजे. ‘आपलंच’ या शब्दात तेही आले. हीथ त्यानंतर कितीतरी वर्षं मागच्या बाकांवर धुसफुसत बसले, २००१ पर्यंत खासदार राहिले, पण पक्ष फुटला नाही.

आमचा का फुटला? इंदिराबाई म्हणजे हीथ नव्हेत, हे एक उत्तर आहेच. पण दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ते २७६ जण आपापल्या मतदारसंघातून, आपल्या हिमतीवर निवडून आले होते. नेता पडल्यावरही त्यांच्या पायाखाली जमीन होती. आमच्या समितीतले सदस्य कुठून आले होते? काँग्रेसमध्ये १९७२ नंतर संघटनेच्या निवडणुका झाल्या त्या थेट १९९२ साली, नरसिंह रावांच्या काळात. १९७७ च्या समितीत बसलेल्या बहुतेकांच्या नावावर ज्या नेत्यांनी बोट ठेवलं होतं, त्याच नेत्यांच्या जागी माणूस निवडण्याचं काम त्यांच्याकडे आलं होतं. त्यांनी नियमानुसार मतं टाकली. पण त्या मतांच्या मागे तालुका नव्हता, जिल्हा नव्हता. रेड्डी निवडून आले ही बातमी होती. कार्यकर्त्याच्या घरात तिनं काही हललं नाही.

आता यवतमाळला जाऊ.

ऑगस्ट १९७७ मध्ये इंदिराबाई बिहारमधल्या बेलछीला हत्तीवरून गेल्या, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ऑक्टोबरात जनता सरकारनं त्यांना अटक केली आणि दुसऱ्याच दिवशी दंडाधिकाऱ्यांनी सोडून दिलं, हेही. डिसेंबरात त्या कार्यकारिणीतून बाहेर पडल्या, २ जानेवारी १९७८ ला दिल्लीच्या अधिवेशनात त्यांचा वेगळा पक्ष झाला, आणि रेड्डींच्या काँग्रेसनं त्यांना काढून टाकलं. याच जानेवारीत शहा आयोगासमोर त्यांनी शपथेवर साक्ष द्यायला साफ नकार दिला. आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेला, आपल्या यवतमाळच्या सभेत, आणीबाणीत झालेल्या चुकांची आणि अतिरेकाची सगळी जबाबदारी माझी आहे, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. दुसरं कुणी चुका कबूल करो न करो, मी जबाबदारी घेते, असा त्याचा रोख होता.

ही तारीख आपल्या राजकीय इतिहासात हवी तितकी ठळक झालेली नाही. न्यायमूर्तींपुढे गप्प आणि गर्दीपुढे कबूल! यात हिशेब नव्हता असं समजायला मी भाबडा नाही. महिन्याभरावर महाराष्ट्र, आंध्र, कर्नाटक इथल्या विधानसभांच्या निवडणुका होत्या. विदर्भ हा त्यांचा भरवशाचा मुलूख होता. शपथेवर दिलेल्या कबुलीला शिक्षा असते, सभेतल्या कबुलीला टाळी मिळते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शिवाय त्या जबाबदारी घेत होत्या ‘अतिरेकां’ची, आणीबाणी लावणंच चूक होतं असं त्या म्हणत नव्हत्या. सगळं मान्य. तरीही उतारा त्यांनी आपल्या नावावर करून घेतला. वाटणी कशी झाली पाहा: ज्यांनी निर्णय घेतला नव्हता ते दिल्लीत, आम्ही नव्हतो, असं समजावून सांगत होते आणि जिनं घेतला होता ती यवतमाळात, मीच होते, असं म्हणत होती.

फेब्रुवारीत निकाल लागले. आंध्रात इंदिरा काँग्रेसला २९४ पैकी १७५, कर्नाटकात २२४ पैकी १४९. रेड्डींच्या स्वतःच्या आंध्रातच त्यांच्या पक्षाचा बोजवारा उडाला. त्यांनी अध्यक्षपद सोडलं, पुन्हा स्वर्णसिंग आले. महाराष्ट्रात जनता पक्ष ९९, चव्हाण-रेड्डींची काँग्रेस ६९ आणि दोन महिन्यांचं वय असलेली, गाय-वासरू सोडून ‘हात’ हे नवं चिन्ह घेऊन उतरलेली इंदिरा काँग्रेस ६२. त्या बासष्टांत विदर्भाचा वाटा मोठा होता. ज्या महाराष्ट्रात साखर कारखाना, जिल्हा बँक, झेडपी, बाजार समिती सगळं यशवंतरावांच्या माणसांच्या हाती होतं, तिथे ही अवस्था.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, भरभर सांगतो. ज्यांनी एकमेकांविरुद्ध प्रचार केला ते दोन्ही काँग्रेसवाले एकत्र बसले. वसंतदादा मुख्यमंत्री, नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. तिरपुडे सरकारात बसून यशवंतरावांवर रोज तोफ डागायचे. जुलैमध्ये शरद पवार बाहेर पडले आणि १८ तारखेला, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे पुलोदचे, मुख्यमंत्री झाले. त्याला यशवंतरावांची मूक संमती होती का, यावर सोलापूरपासून नाशिकपर्यंत चहाच्या किती टपऱ्या चालल्या असतील कुणास ठाऊक. मला त्या वादात शिरायचं नाही. मला दिसतं ते असं, की दिल्लीत नेता कोण हे ठरलं नाही म्हणून मुंबईत सरकार कुणाचं हेही ठरत नव्हतं. त्याआधीच, १२ एप्रिलला, लोकसभेतलं विरोधी पक्षनेतेपदही यशवंतरावांकडून इंदिरा काँग्रेसच्या सी. एम. स्टीफन यांच्याकडे गेलं होतं. खासदारांनीच बाजू बदलली होती. नोव्हेंबरात चिकमंगळूरहून इंदिराबाई सत्तर हजारांहून अधिक मताधिक्यानं लोकसभेत आल्या.

आता यशवंतरावांच्या बाजूनं जे सांगायचं ते सांगितलं पाहिजे, आणि ते थोडं नाही. ४२ व्या दुरुस्तीनं न्यायालयांचे हात बांधले होते. ते सोडवण्यासाठी जनता सरकारनं ४३ वी दुरुस्ती आणली, ती १९७७ च्या डिसेंबरात संसदेत मंजूर झाली. राज्यसभेत तेव्हा काँग्रेसचं बळ असं होतं की तिच्या मतांशिवाय घटनादुरुस्ती पुढे सरकलीच नसती. म्हणजे यशवंतरावांच्या नेतृत्वाखालच्या पक्षानं आणीबाणीतली चूक मत देऊन दुरुस्त केली. इंदिराबाई यवतमाळला जे बोलल्या, ते यांनी त्याच्या महिनाभर आधी दिल्लीत करून दाखवलं होतं. पण करून दाखवलं आणि बोलले नाहीत. आम्ही चुकलो म्हणून आम्ही हे मत देतो आहोत, हे वाक्य सांगलीच्या, जळगावच्या, परभणीच्या सभेत कुणी उच्चारलं असतं तर? यशवंतरावांइतकं उत्तम मराठी बोलणारा नेता त्या पिढीत दुसरा नव्हता. वाक्य सुचलं नाही असं होणं शक्यच नाही.

मग का बोलले नाहीत? स्वभाव, असं म्हणून सुटता येईल. कुंपणावरचे म्हणून त्यांची टवाळी १९६९ पासून होत आली होती. तेव्हा राष्ट्रपतिपदासाठी संसदीय मंडळात त्यांनी संजीव रेड्डींच्या बाजूनं मत दिलं आणि पक्ष फुटला तेव्हा इंदिराबाईंबरोबर राहिले. त्याला बेरजेचं राजकारण म्हणा, सावधपणा म्हणा. माझा समज जरा वेगळा आहे. यशवंतराव सगळं आयुष्य पक्ष एकसंध ठेवणं हीच राजकारणातली पहिली जबाबदारी मानत आले. आम्ही चुकलो असं जाहीर म्हणायचं तर ‘आम्ही’ कोण हे सांगावं लागतं, आणि ते सांगितलं की पक्ष फुटतो. फूट टाळायला ते गप्प राहिले. फूट तरीही पडली, आणि पडली तेव्हा त्यांच्या बाजूला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. कार्यकर्त्याला विचारलं, तू यांच्याकडे का, तर त्याच्याकडे नाव होतं, कारण नव्हतं.

जुलै १९७९ मध्ये मोरारजींवर अविश्वासाचा ठराव यशवंतरावांनीच आणला. त्यातून सरकार गेलं आणि ते चरणसिंगांचे उपपंतप्रधान झाले. जानेवारी १९८० च्या निवडणुकीत इंदिरा काँग्रेसला ३५३ जागा मिळाल्या. महाराष्ट्रात ४८ पैकी ३९. यशवंतरावांच्या काँग्रेसला राज्यात एकच जागा मिळाली, साताऱ्याची, त्यांची स्वतःची. त्यांच्या व्यक्तिगत पुण्याईवर साताऱ्याचा विश्वास होता, पक्षाच्या बाजूवर बाकीच्या महाराष्ट्राचा नव्हता. पुढे ते इंदिराबाईंच्या पक्षात परत गेले, आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष झाले.

आता कुणी म्हणेल, म्हणजे इंदिराबाई बरोबर ठरल्या. तसं नाही. जिंकणं आणि बरोबर असणं यांची गल्लत इतिहासात नेहमी होते, व्याख्यानात तरी होऊ नये. त्यांनी पराभव आपल्या नावावर घेतला त्याबरोबर पक्षही आपल्या नावावर करून घेतला, अक्षरशः: कंसात ‘इंदिरा’ लिहून. रेड्डींची निवड फिकी होती, पण ती निवड तरी होती. नंतर बराच काळ अध्यक्ष आणि पंतप्रधान एकच राहिले, राज्यांतले मुख्यमंत्री दिल्लीहून लखोट्यातून येऊ लागले, आणि आपल्या महाराष्ट्रानं १९८० नंतरच्या दशकात ते किती वेळा पाहिलं याची उजळणी या सभागृहात करायला नको. जबाबदारी एकट्यानं घेतली की अधिकारही एकट्याचा होतो. पराभवाचं उत्तर पक्ष म्हणून द्यायचं तर ज्यांनी मत द्यायचं ते मतदार खरे लागतात.

म्हणून शेवटी २०२२ कडे येतो. २०१९ च्या पराभवानंतर राहुल गांधींनी जबाबदारी घेऊन अध्यक्षपद सोडलं, चार पानी पत्र जाहीर केलं. जबाबदारी घेणारा बाजूला झाला, पण जागा भरायला तीन वर्षं लागली. ऑक्टोबर २०२२ मध्ये मतदान झालं: मल्लिकार्जुन खर्गे ७,८९७, शशी थरूर १,०७२. त्याआधी सप्टेंबरात पक्षाच्या पाच खासदारांनी निवडणूक प्राधिकरणाला पत्र लिहिलं होतं. मागणी साधी होती. मत कोण देणार त्यांची यादी दाखवा. ती सर्वांसाठी जाहीर करण्याऐवजी, उमेदवाराला कार्यालयात येऊन पाहता येईल अशी तोड काढण्यात आली. या निवडणुकीत कोण जिंकलं यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरले. मला त्या पाच खासदारांचं पत्र जास्त महत्त्वाचं वाटलं, आणि इतर पक्षांमधल्या कुणी आपापल्या नेतृत्वाला तसं पत्र लिहिल्याचं माझ्या वाचनात आलेलं नाही.

प्रश्नोत्तरांसाठी वेळ ठेवला आहे असं आयोजकांनी सांगितलं आहे. पवारांबद्दलचा प्रश्न येणारच, तो कृपया दुसरा घ्यावा. पहिला यवतमाळबद्दलचा असू द्या.